कीगनने कुठे राहायचं

२९ सप्टेंबर

कीगन परत आला. तीन आठवडे मोठ्या हॉकी क्लबच्या शिबिरात होता. त्यांनी जूनमध्ये नव्या पोरांच्या निवडीत त्याचं नाव घेतलं, चौथ्या फेरीत. तेव्हापासून तो त्यांचा आहे, पण त्यांच्या बर्फावर उतरायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तोवर त्याने कुठे खेळायचं, कुठे वाढायचं, हे तेच ठरवणार.

आमच्या तळघरातल्या खोलीत त्याचं हे तिसरं वर्ष. सोळाचा होता तेव्हा आला. गावच्या टीममध्ये बाहेरगावची पोरं असतात, ती आमच्यासारख्यांच्या घरी राहतात. कीगन आमचा बारावा.

"वाढलास रे," माझा नवरा ओरेस्ट म्हणाला. "आता छत वर उचलावं लागणार."

"राहू दे. मीच वाकत जाईन."

जेवताना त्याने सांगितलं. दोन वाटा आहेत. एक, वसंतापर्यंत इथेच, आमच्या टीमकडून. दुसरी, जानेवारीपासून सीमेपलीकडे, डाकोटातल्या विद्यापीठात. तिथे सामने निम्मे, बाकी दिवस व्यायाम, अभ्यास, झोप. क्लबचा रॉय स्टेनरुड नाताळाआधी निकाल देणार. त्याआधी आम्हाला भेटायला येणार, कारण पोरगा घरी कसा असतो ते घरच्यांनाच माहीत.

मला काळजी वाटत नाही. इथे त्याचं चांगलं चाललं आहे.

३ ऑक्टोबर

चार पोरं जेवायला होती. बटाटा भरलेल्या सत्तर पेरोगी संपल्या. आज त्यांची संगणकावरची परीक्षा झाली. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांना देतात. शब्द लक्षात ठेवायचे, आकार दिसला की बटण दाबायचं. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला तर पुन्हा तीच परीक्षा घेतात आणि दोन्ही गुण ताडून बघतात.

"मी तर अर्धा वेळ डोळे मिटून बटणं दाबली," गोलकीपर डार्सी म्हणाला.

"मला दहा शब्द दिले, मी चारच सांगितले," कीगन म्हणाला.

"चार तरी कशाला?"

"अगदीच ठोंब्या वाटायला नको."

आत्ताच कमी गुण घेऊन ठेवले की नंतर मार बसला तरी फरक दिसत नाही, बाकावर बसावं लागत नाही. सगळेच करतात म्हणे. डार्सीने तोंड वासून, डोळे फिरवून दाखवलं. मला हसू आवरेना.

ओरेस्ट उठला आणि ताट विसळायला गेला. पोरं गेल्यावर म्हणाला, "यात हसण्यासारखं काय होतं?"

"पोरं आहेत रे."

"तेच म्हणतोय मी."

१८ ऑक्टोबर

घरच्या बर्फावर सामना. जिंकलो, चार-दोन. दुसऱ्या भागात कोपऱ्यात पकसाठी, त्या रबरी चकतीसाठी, झटापट झाली आणि समोरच्या आडदांड पोराने कीगनला कठड्यावर आपटलं. काचेवर डोकं आदळल्याचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. आमची रांग म्हणजे पोरांना घरी ठेवणाऱ्या बायांची. शेजारच्या आर्लीनने माझा हात धरला. पण तो आपला आपण उठला. पुढच्या पाळीला पुन्हा बर्फावर होता.

ओरेस्ट मैदानात बर्फ सारखा करण्याचं यंत्र चालवतो. खेळ चालू असताना तो यंत्र आत नेण्याच्या दारात उभा असतो. घरी येताना गाडीत म्हणाला, "तो चुकीच्या बाकाकडे निघाला होता."

"कोण?"

"कीगन. पलीकडच्या टीमच्या बाकाकडे. पंचाने दंडाला धरून वळवला."

"गडबडीत होतं असं."

"चाळीस वर्षं त्या दारात उभा आहे. गडबड मला कळते."

२० ऑक्टोबर

ट्रेनरने आज परीक्षा पुन्हा घेतली. गुण महिन्याच्या सुरुवातीला आले होते तेवढेच. उद्यापासून सराव. मी ओरेस्टला सांगितलं, बघ. यंत्राला खोटं बोलायचं काय कारण?

तो बूट पुसत राहिला.

२९ ऑक्टोबर

कीगनने खोलीच्या खिडकीला चंदेरी कागद चिकटवला आहे. बर्फ पडल्यापासून बाहेरचा उजेड फार चकाकतो, म्हणाला. खरंच चकाकतो.

हल्ली तो घरी जास्त असतो. गेल्या वर्षी सराव संपला की मित्रांबरोबर गायब व्हायचा, जेवायला हाका माराव्या लागायच्या. आता सरळ घरी येतो, झोपतो, उठला की स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसतो. आज त्याने सगळे बटाटे सोलून दिले. "नेटी, रेडिओ बंद केला तर चालेल?" म्हणाला. मी बंद केला. दोघं गप्प बसून होतो. किती दिवसांनी घरात असं कुणाबरोबर बसले.

पोरगा समंजस झाला आहे.

४ नोव्हेंबर

सकाळी कीगनला उलटी झाली. कालचं सॉसेज बाधलं असावं. ओरेस्ट म्हणाला, सॉसेज त्यानेही खाल्लं होतं. मी म्हटलं, तुझं पोट म्हणजे भट्टी.

९ नोव्हेंबर

रविवार. ज्योसलीनचा फोन. कीगनची आई नर्स आहे, उत्तरेला, जिथे फक्त विमान जातं तिथल्या दवाखान्यांत. एकटीने वाढवलं आहे त्याला. तिला तो विद्यापीठात जायला हवा आहे.

"तिथे त्याला विश्रांती मिळेल, नेटी. शिवाय डॉक्टर असतात, चांगले."

"डॉक्टर इथेही आहेत."

"तो फोनवर फार कमी बोलतो हल्ली."

"अठरा वर्षांचा आहे. आईशी कोण बोलतं त्या वयात?"

ती हसली. मग विचारलं, जेवतो ना नीट? मी हो म्हटलं. जेवतो. पूर्वीएवढं नाही, पण जेवतो.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी जरा वरच्या पट्टीत बोलले.

१६ नोव्हेंबर

आज दुपारी कीगन आपणहून बोलला. मी कोबीची पानं उकडत होते.

"नेटी, रॉय आला की तुला विचारेल."

"काय विचारेल?"

"झोप, जेवण, चिडचिड, सगळंच. तू सांग सगळं ठीक आहे म्हणून."

"नाहीये का ठीक?"

"डोकं दुखतं जरा. सगळ्यांचंच दुखतं गं." टेबलावर रेघ नव्हती, तरी तो बोटाने एक रेघ पुसत होता. "तिकडे गेलं की पहिल्याच आठवड्यात सगळ्या तपासण्या नव्याने करतात. डोळे, तोल, डोकं, सगळं. दोन-दोन दिवस चालतं. मला नाही जायचं, नेटी. मला इथेच राहू दे. इथे बरं आहे मला."

इथे बरं आहे. तीन वर्षांत हे त्याने पहिल्यांदा म्हटलं. आधीचे अकरा इथून गेले. जाताना प्रत्येकाने मिठी मारली. पहिल्या नाताळाला शुभेच्छापत्र आलं, दुसऱ्या नाताळाला कुणाकुणाचं. इथेच राहायचंय असं त्यांतल्या एकानेही कधी म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, सांगेन.

२१ नोव्हेंबर

ओरेस्टशी वाजलं.

"रॉय आला की मी बोलणार आहे," तो म्हणाला.

"काय बोलणार? तुझं काम बर्फ."

"अगं, काल त्याला गॅरेजच्या कुलपाचा आकडा आठवेना. तीन वर्षं रोज दाबतोय. थंडीत उभा होता, हात नुसता वर धरून."

"तुला तरी कुठे आठवतो तो आकडा?"

"मी सत्तर वर्षांचा आहे, नेटी."

मी म्हटलं, पोराने माझ्यावर विश्वास टाकला आहे. ओरेस्ट म्हणाला, "त्याने टाकला. पण तू तो का उचललास?"

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढा कधी बोलला नाही. आताच का, कळत नाही. पोराने त्याच्याकडे न जाता माझ्याकडे मन मोकळं केलं, ते लागलं असेल.

९ डिसेंबर

रॉय येऊन गेला. उणे एकतीस होतं. आत आल्यावर पाच मिनिटं त्याच्या चष्म्यावर वाफ होती. आडवा, बुटका, एका कानाची पाळी चुरगळलेली. स्वतः सोळा वर्षं खेळला आहे.

"हे नाक चारदा मोडलंय, मिसेस हुडिमा. वासच येत नाही कशाचा. पण तुमच्या ॲपल पायचा येतोय, म्हणजे बघा."

दोन तुकडे खाल्ले. मग वही काढली. मला तो आवडला. गोडगोड बोलला नाही.

"खरं सांगतो. माझं स्वतःचं मत विद्यापीठाकडे झुकतंय. महिनाभर त्याचे सामने बघतोय. पकवर अर्धा क्षण उशिरा पोचतो. पूर्वी असं नव्हतं. दमलाय का? की काही दुखतंय, आणि सांगत नाहीये?"

"दमलाय कसला! बारा-बारा तास झोपतो."

हे खरं आहे.

"डोकं? ऑक्टोबरमधे एक आपटी बसली होती."

"त्याची परीक्षा झाली ना. गुण तुमच्याकडे आलेच असतील."

"आलेत. ठीक आहेत." त्याने पेन्सिल वहीवर आपटली. "घरी काही तक्रार?"

"काही नाही. मला भाजी चिरून देतो."

तो हसला. म्हणाला, "काही पोरं घर बदललं की नव्याने उभारी धरतात. काही उलट खचतात. हा कुठल्यातला?"

"हा कोमेजेल," मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं. उलट्या बाजूनेही मला तो शब्द दिसत होता.

ओरेस्टला मी पाच वाजता ये असं सांगितलं होतं. रॉय तीनला आला आणि सव्वाचारला गेला. इथे लिहिते आहे, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. मला वाद नको होता. एवढंच.

१० डिसेंबर

ओरेस्टने ओट्यावर दोन कप पाहिले. काही विचारलं नाही. दोन्ही विसळून जागेवर ठेवले.

१७ डिसेंबर

ठरलं. हंगाम संपेपर्यंत इथेच.

कीगनने मला उचलून गोल फिरवलं आणि लगेच खाली ठेवून भिंतीला हात टेकला. दोघंही हसलो. त्याच्या अंगाला ओल्या हातमोज्यांचा वास येत होता. वीस वर्षं हा वास धुवून काढते आहे. आज नकोसा वाटला नाही.

दुपारी ज्योसलीनचा फोन आला.

"रॉय म्हणाला, तुम्ही सांगितलंत तो कोमेजेल म्हणून."

"हो."

तिने तो शब्द पुन्हा उच्चारला. मग म्हणाली, "माझ्या पोराबद्दल हा शब्द मला नसता सुचला."

मला वाईट वाटलं. पण तिने त्याला गेल्या वर्षात अठरा दिवस पाहिलं आहे. मी रोज बघते.

६ जानेवारी

जुन्या पंचांगाप्रमाणे आमची नाताळची आदली संध्याकाळ. बारा पदार्थ, एकही मांसाचा नाही, मासे तेवढे चालतात. मुलीकडचे आले नाहीत, रस्ते बंद होते. आम्ही तिघंच. टेबलावर चौथी थाळी मांडली, गेलेल्यांसाठी, दर वर्षी मांडतो तशी.

"ही कुणाची?" कीगनने विचारलं. मी सांगितलं. गेली दोन वर्षंही सांगितलं होतं, पण पोरांच्या लक्षात कुठलं राहायला. बीटाचं सार झालं. त्याने पुन्हा विचारलं, "अजून कुणी यायचंय का?" आणि थाळीकडे बोट केलं.

"चेष्टा करतोस होय रे म्हातारीची," मी म्हटलं. तो हसला. माझं हसू बघून हसला असावा. मासे वाढायच्या आधी खाली झोपायला गेला.

ओरेस्टने त्याची थाळी उचलली नाही. टेबलावर तशाच दोन थाळ्या राहिल्या, एक रिकामी आणि एक अर्धी.

२४ जानेवारी

आज कीगन पडला.

टक्कर हलकी होती. ऑक्टोबरच्या निम्मीही नाही. समोरचा पोरगा वळला आणि त्याचा खांदा लागला, बस. कीगन पडताना हात पुढे आले नाहीत. माणूस पडताना हात पुढे येतात. याचे आले नाहीत.

रांगेतल्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या. मी बसून होते. तो आपला आपण उठेल असं वाटत होतं.

रुग्णवाहिका ओरेस्टच्या दाराने आत आली. त्याने यंत्र मागे घेऊन वाट करून दिली. ती गेल्यावर बर्फ साफ करायचा होता. त्यानेच केला. ते त्याचं काम आहे. यंत्र गोल गोल फिरत होतं आणि हजार माणसं गप्प बसून त्याच्याकडे बघत होती.

मग उरलेला खेळ रद्द केला.

२६ जानेवारी

शहरातलं इस्पितळ. डोक्यात रक्तस्राव झाला होता, कवटी उघडून काढला. श्वास यंत्रावर आहे. ज्योसलीन दोन विमानं बदलून आज पहाटे पोचली. अंगात अजून दवाखान्यातला निळा सदरा होता.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी ज्योसलीनला समजावलं, मी मागे उभी होते. पहिली इजा भरली नव्हती, तिच्यावर दुसरी झाली. मेंदू आधीच सुजलेला असला तर छोटा धक्कासुद्धा पुरतो. पहिल्या वेळी सहा-आठ आठवडे बर्फापासून दूर ठेवलं असतं तर, असं म्हणून त्या थांबल्या. 

मी मोजून पाहिलं. विद्यापीठाची तुकडी पाच जानेवारीला गेली. तिकडे पहिल्याच आठवड्यात सगळं तपासतात.

२९ जानेवारी

यंत्र काढलं. स्वतः श्वास घेतो आहे. डोळे उघडले, पण बघत नाही कुणाकडे.

दुपारी आम्ही तिघं बाहेरच्या खुर्च्यांवर होतो. डॉक्टरीणबाईंना टिपण हवं होतं, त्रास कधीपासून दिसत होता त्याचं. ज्योसलीन माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी शांत होता, पेशंटच्या नातेवाइकांना विचारावा तसा.

"नेटी, तो तुमच्या घरात होता. कधीपासून?"

"नाताळनंतर जरा डोकं दुखायचं," मी म्हटलं. "म्हणजे, तो म्हणायचा."

"अठरा ऑक्टोबर," ओरेस्ट म्हणाला.

तो जमिनीकडे बघत होता. टोपी दोन्ही हातांत धरली होती. पुढे सगळं सांगितलं त्याने. चुकीचा बाक. खिडकीवरचा कागद. उलटी. गॅरेजचं दार. चौथी थाळी. तारखांसकट सांगितलं. यातलं प्रत्येक मी पाहिलं होतं, पण एका दमात, एकामागून एक, कधी ऐकलं नव्हतं.

"आणि तुम्ही?" ज्योसलीनने त्याला विचारलं. "तुम्ही का नाही बोललात?"

"बोलायला हवं होतं," ओरेस्ट म्हणाला. "घरात शांतता हवी होती मला."

पाच वाजता ये म्हटलं होतं, ते त्याने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी

रॉयचा फोन. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अर्धा क्षण, मिसेस हुडिमा. मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. वहीत लिहिलंय मी ते. आणि त्याच्याखाली तुमचं वाक्य लिहिलंय. जाताना खालचं घेऊन गेलो."

मी म्हटलं, माझ्या मनात त्याचं वाईट नव्हतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "कुणाच्याच नव्हतं. म्हणून तर कुणी थांबवलं नाही."

तो पुढच्या महिन्यात क्लब सोडतो आहे.

१५ फेब्रुवारी

आर्लीन येऊन गेली. रांगेतल्या बायांनी मिळून कीगनसाठी गोधडी शिवली आहे, टीमच्या रंगांची. म्हणाली, "नेटी, मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याकडचा डार्सी पण डोकं धरून बसतो कधीकधी. पोरं ती."

मी म्हटलं, "आज जा. आज त्याच्या आईला फोन कर."

"वेडी आहेस का? प्लेऑफचे निर्णायक सामने तोंडावर आहेत."

मी तिला दाराबाहेर काढलं. म्हणजे हाताने नाही, पण काढलंच. मग स्वतः डार्सीच्या आईचा नंबर शोधला आणि फोन केला. ती म्हणाली, कळवल्याबद्दल आभार, पण ट्रेनरने तपासलंय त्याला, गुण ठीक आहेत.

२१ फेब्रुवारी

ज्योसलीन कीगनला एडमंटनला घेऊन गेली. तिथे चालायला, बोलायला पुन्हा शिकवतात. वाटेत त्याचं सामान घ्यायला थांबली. मी खोक्यांत भरून ठेवलं होतं. आत ये म्हटलं, तर म्हणाली गाडी चालू आहे. ओरेस्टने खोकी एकेक करून नेली. ती त्याच्याशी बोलली, रस्त्याबद्दल, वाऱ्याबद्दल.

कीगन पुढच्या सीटवर होता. काळा चष्मा, लोकरीची टोपी कानाखाली. डावा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी आणून ठेवावा तसा. मी कोट न घालताच बाहेर गेले. ज्योसलीनने मला अडवलं नाही. दार उघडून बाजूला उभी राहिली.

"नेटी," तो म्हणाला. जीभ जड होती, पण नाव स्पष्ट घेतलं. "रॉयने काय ठरवलं?"

मी ज्योसलीनकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते ते ऐकायला ती उभी होती.

"अजून ठरायचंय," मी म्हटलं.

"मग सांग ना त्याला. मला इथे..." शब्द सापडेना. उजव्या हाताने त्याने घराकडे, खिडकीकडे, माझ्याकडे दाखवलं. "इथे."

ज्योसलीनने वाकून त्याचा पट्टा बसवला, बाही सरळ केली आणि दार लावलं. काचेआड त्याचे ओठ हलत होते. तो अजून सांगत होता. गाडी वळेपर्यंत मी मान हलवत राहिले, हो म्हणून.